मापात पाप नको : कोल्हापूरच्या कारखान्यांत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून सुरुवात करताना

शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेलं कास्टिंग गोकुळ शिरगावात मशिनवर चढतं आणि तिथून गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या लाईनवर जातं. या वाटेत ते कमीत कमी चार वेळा तपासलं जातं: फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) झाल्यावर, मशीनशॉपच्या दारात आल्यावर, मशिनिंग चालू असताना आणि गाडीत भरण्याआधी. ही तपासणी करणाऱ्याला कारखान्यात क्यूसी, क्वालिटीवाला किंवा नुसतं इन्स्पेक्टर म्हणतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीनशॉप दाटीने आहेत, त्यामुळे या कामाची माणसं इथे कायम लागतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, काटेकोर स्वभावाच्या मुला-मुलींनी ही वाट नीट समजून घ्यावी. बहुतेक जण सीएनसी ऑपरेटर व्हायचं ठरवूनच येतात आणि तपासणीचं टेबल त्यांच्या नजरेतून सुटतं.

पायरी १ : आधी स्वतःला तपासा

आपण बारकाईने काम करतो, असं प्रत्येकाला वाटतं. ते खरं आहे का, हे एका संध्याकाळी कळू शकतं. ओळखीच्या वर्कशॉपमधून ०.०२ मिमी लिस्ट काउंटचा, म्हणजे तेवढं लहानात लहान माप वाचणारा, व्हर्नियर आणि सरळ दांड्याची दहा वेगवेगळी ड्रिल मागून आणा. प्रत्येक ड्रिलवर मार्करने नंबर टाका आणि मोजायच्या जागी खूण करा. दहाही मापं घेऊन लिहा आणि तो कागद घरातल्या कोणाकडे तरी देऊन टाका. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा मोजा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. फरक एका रेघेचा, म्हणजे ०.०२ चा असेल तर हात चांगला आहे. दोन रेघांचा असेल तर सराव हवा. त्याहून जास्त असेल तर जबड्यावरचा दाब प्रत्येक वेळी बदलतोय किंवा व्हर्नियर तिरका धरला जातोय.

याहून महत्त्वाची गोष्ट आकड्यांत दिसणार नाही, ती स्वतःलाच विचारावी लागेल. सातव्या-आठव्या ड्रिलला ‘हे पण तेवढंच असणार’ असं मनात येऊन रेघ नीट न बघता आकडा लिहिला का? शिफ्टमध्ये एकसारखे तीनशे जॉब (तपासायचे भाग) समोर येतात आणि खराब जॉब दोनशे नव्वदावाही असू शकतो. या कामात हुशारीपेक्षा ही चिकाटी जास्त लागते. ती नसेल तर दुसरं काम निवडण्यात कमीपणा काहीच नाही.

डोळेही तपासून घ्या. चष्मा असल्याने अडत नाही, पण जवळचं बारीक अक्षर स्वच्छ वाचता आलं पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. डाय पेनिट्रंट तपासणीत, म्हणजे रंग लावून चिरा शोधताना, पांढऱ्यावर उमटलेली लाल रेघ शोधायची असते. लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होत असेल तर ते नोकरी लागण्याआधी कळलेलं बरं.

पायरी २ : कोणतं टेबल हवंय ते ठरवा

इन्कमिंगला बाहेरून आलेला माल बघतात. फर्स्ट पीस (पहिला जॉब) आणि पेट्रोल (गस्तीच्या) इन्स्पेक्शनला मशिनपाशी फिरावं लागतं, तिथे ऑपरेटरशी रोज संबंध येतो. फायनल आणि पीडीआय म्हणजे डिस्पॅचच्या आधीची तपासणी. स्टँडर्ड रूममध्ये गेज आणि मापनसाधनांचं कॅलिब्रेशन होतं, सीएमएम हे संगणकी मापनयंत्र चालतं. लॅबमध्ये धातूचं रसायन, कडकपणा आणि मायक्रोस्ट्रक्चर तपासतात. एनडीटी म्हणजे जॉब न तोडता आतले-बाहेरचे दोष शोधणं. नवख्याने जमलं तर पेट्रोल इन्स्पेक्शनपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे दोष तयार होताना बघायला मिळतो. फायनलला बसलं की फक्त तयार झालेला दोष दिसतो.

पायरी ३ : हत्यारं हातात बसवा

इथे घाई करू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: समोर व्हर्नियर आणि जॉब ठेवतात आणि माप सांगायला लावतात.

व्हर्नियरवर मुख्य पट्टीचे ४९ मिमी सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून मुख्य आणि सरकत्या पट्टीच्या एकेका भागातला फरक ०.०२ मिमीचा. सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवर २४ च्या पुढे गेला आणि सतरावी रेघ जुळली, तर माप २४ + ०.३४ = २४.३४ मिमी. वाचताना डोळा रेघेच्या थेट समोर हवा, बाजूने बघितलं की शेजारची रेघ जुळल्यासारखी दिसते. मोजण्याआधी जबडे पुसा, बंद करा, उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर जबडे झिजलेत. शून्य जुळत नसेल तर तो व्हर्नियर बाजूला ठेवा. मनातल्या मनात ०.०४ वजा करत शिफ्ट काढायची सवय लागली की एक दिवस वजा करायचं राहून जातं. लहान भोकांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. आतल्या जबड्यांच्या कडा थोड्या सपाट असतात, त्यामुळे पाच-सहा मिमीच्या भोकात व्हर्नियर खऱ्यापेक्षा कमी माप दाखवतो. तिथे पिन गेज किंवा प्लग गेज वापरावा.

मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच अर्धा मिमी आणि थिंबलवर ५० भाग, म्हणून एक भाग ०.०१ मिमी. नवख्यांची नव्वद टक्के गडबड अर्ध्या मिमीच्या रेघेत होते. स्लीव्हवर ७ च्या पुढची अर्धी रेघ उघडी पडली असेल आणि थिंबलवर २२ असेल तर माप ७.७२ आहे. अर्धी रेघ बघायची राहिली की ७.२२ लिहिलं जातं आणि चांगला जॉब लाल पेटीत जातो. दाब नेहमी रॅचेटने द्या, दोन-तीन टिकटिक झाल्या की थांबा. थिंबल धरून आवळलं तर जॉब दाबला जातो आणि स्क्रूही खराब होतो. ठेवताना स्पिंडल आणि अ‍ॅनव्हिलमध्ये थोडी फट ठेवा.

बोअर डायल गेजची भीती अनेकांना वाटते, पण त्याची युक्ती सोपी आहे. रिंग गेजमध्ये शून्य लावा. मग टोक बोटाने हलकेच दाबून सुई कोणत्या बाजूला जाते ते बघा. ती बाजू म्हणजे भोक लहान. हे सेटिंग करतानाच एकदा बघून ठेवलं की उलटं वाचण्याची चूक होत नाही. भोकात घालून गेज पुढे-मागे झुलवा. सुई एका टोकाला जाऊन परत फिरते, तो परतीचा बिंदू म्हणजे खरं माप.

प्लग गेजला दोन टोकं: गो आणि नो-गो. ड्रॉइंगवर २५ एच ७ लिहिलं असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ मिमीत हवं. गो टोक २५.००० चं, ते सहज आत गेलं पाहिजे. नो-गो २५.०२१ चं, ते जाता कामा नये. गो जात नाही म्हणून हातोडीने किंवा पिळून घालणं हा गुन्हा समजा. तसं केल्याने भोकही खराब होतं आणि गेजही झिजतो.

आता उष्णतेचं. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. कास्ट आयर्न एका अंशाला एका मीटरमागे साधारण साडेदहा मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढतं. मशिनवरून नुकताच उतरलेला जॉब गेजपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर २५ मिमीचं भोक सुमारे ८ मायक्रॉन मोठं लागतं. सगळी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉनची, त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा नुसत्या उष्णतेने खाल्ला. गरम असताना गो आरामात जातो, ऑपरेटर ‘ओके’ म्हणतो, आणि तासाभराने थंड झालेल्या त्याच जॉबमध्ये गो अडकतो. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये ही तक्रार हमखास येते. उपाय साधा आहे. जॉब आणि गेज एकाच टेबलावर, शक्यतो सरफेस प्लेटवर (मापनाच्या सपाट पाट्यावर), सारख्या तापमानाला येईपर्यंत ठेवा. गरम जॉबमध्ये थंड प्लग घालून विसरू नका. दोघांचं तापमान सारखं झालं की तो बाहेर निघत नाही.

कोणत्या मापाला कोणतं साधन, याचा ढोबळ नियम लक्षात ठेवा: साधनाचा लिस्ट काउंट टॉलरन्सच्या एक दशांश असावा. एकूण टॉलरन्स ०.२ मिमी असेल तर ०.०२ चा व्हर्नियर चालेल. २१ मायक्रॉनच्या भोकासाठी व्हर्नियर काढणारा उमेदवार मुलाखतीतच बाद होतो, आणि ते योग्यच आहे.

पायरी ४ : ड्रॉइंग वाचायला शिका

ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातला पार्ट नंबर आणि रिव्हिजन बघा. मापं बरोबर पण ड्रॉइंग जुनं, म्हणून अख्खा लॉट परत आल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत. मग प्रत्येक मापाला गोलात क्रमांक द्या, याला बलूनिंग म्हणतात. तोच क्रमांक रिपोर्टमध्ये येतो, त्यामुळे एकही माप सुटत नाही. खालच्या टिपा वाचा. टॉलरन्स न दिलेल्या मापांना कोणतं प्रमाण लागू आहे, ते तिथेच लिहिलेलं असतं.

भौमितिक खुणा नवख्यांना अवघड जातात. सपाटपणा, लंबरूपता, समकेंद्रितता, पोझिशन आणि रनआउट या पाच आधी पक्क्या करा. डेटम म्हणजे ज्या पृष्ठभागावरून मोजायला सांगितलंय तो पृष्ठभाग. जॉब सोयीच्या बाजूवर टेकवून मोजलं, की आकडा अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. आणि मोजण्याआधी बर काढा. बर म्हणजे मशिनिंगनंतर कडेला राहिलेली बारीक धार. तिच्यावर जॉब टेकला तर सरफेस प्लेटवर तो हलतो आणि सपाट जॉब वाकडा ठरतो.

पायरी ५ : कास्टिंगचे दोष नावानिशी ओळखा

कोल्हापुरात इन्स्पेक्टर व्हायचं आणि कास्टिंग ओळखता येत नाही, असं चालत नाही. दोषाला चुकीचं नाव दिलं की फाउंड्री चुकीचा इलाज करते. कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) ओला असताना तिथे रायझर (धातूची भरपाई करणारा साठा) वाढवला जातो, आणि पुढच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या पुढच्या वितळणीत, तेच भोक पुन्हा निघतं.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्लो होल आणि श्रिंकेज यांत होतो. टॉर्च मारून आत बघा. भिंत गुळगुळीत आणि आकार गोलसर असेल तर वायू अडकलाय, म्हणजे ब्लो होल. वाळूत ओलावा जास्त, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) बुजलेले, कोअर नीट भाजलेला नाही किंवा त्यात बाइंडर जास्त, ही त्याची नेहमीची कारणं. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पावसाळ्यात वाळू आणि कोअरच्या साठवणीकडे दुर्लक्ष झालं की या दोषाची संख्या वाढते. भिंत खडबडीत, फांद्या फुटल्यासारखी असेल तर ते श्रिंकेज. धातू गोठताना आकसला आणि रायझरमधून भरपाई मिळाली नाही. हे जाड भागात, जिथे दोन भिंती मिळतात तिथे किंवा रायझरच्या मानेखाली सापडतं. पिनहोल बारीक असतात आणि कातडीखाली लपतात. ते शॉट ब्लास्टिंगनंतर (छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) किंवा मशिनचा पहिला कट गेल्यावर उघडे पडतात.

भोकात वाळूचे कण दिसले तर सँड इन्क्लूजन: बॉक्स बंद करताना आतली सुटी वाळू हवेने झटकलेली नव्हती किंवा मोल्ड कच्चा होता. गोल कडांची रेघ, जणू दोन प्रवाह भेटले पण जुळले नाहीत, तो कोल्ड शट. धातू थंड होता किंवा ओतताना धार तुटली. वरचा आणि खालचा भाग सरकलेला दिसला तर मिसमॅच. तिथे बॉक्सच्या पिना आणि बुश झिजलेत का, हे आधी विचारा. पातळ कडेवर ड्रिल किंवा इन्सर्ट वारंवार तुटत असेल तर ऑपरेटरला दोष देण्याआधी चिल आहे का बघा. पातळ भाग लवकर थंड झाला किंवा इनॉक्युलेशन (ओतण्याआधी धातूत घालायचं मिश्रण) कमी पडलं की लोखंड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं.

क्रॅकची रेघ कोल्ड शटपेक्षा बारीक आणि धारदार असते. रनर-रायझर तोडताना चुकीच्या जागी घाव बसला, तर ती मानेपासून सुरू झालेली दिसते.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कास्टिंगचं साधं रेखाचित्र फोटोकॉपी करून ठेवा आणि प्रत्येक दोष जिथे सापडला तिथे पेनाने ठिपका द्या, शेजारी हीट कोड आणि पॅटर्नवरचा (साचा पाडायच्या नमुन्यावरचा) कॅव्हिटी नंबर लिहा. पन्नास ठिपके झाले की कागद स्वतःच बोलतो. सगळे ठिपके दोन नंबरच्या कॅव्हिटीत एकाच कोपऱ्यात असतील तर पॅटर्न किंवा गेटिंग (धातू साच्यात जायची वाट) बघायचं. विखुरलेले पण एकाच हीटचे असतील तर भट्टी आणि लॅडलकडे (धातू ओतायच्या भांड्याकडे) जायचं. नुसता ‘१२ टक्के रिजेक्शन’ असा आकडा लिहून फाउंड्रीला काहीच मदत होत नाही.

पायरी ६ : लॅब आणि एनडीटीची तोंडओळख

एफजी २६० म्हणजे किमान २६० मेगापास्कल ताणबळ सोसणारं ग्रे आयर्न. एसजी ५००/७ म्हणजे ५०० मेगापास्कल आणि ७ टक्के लांबी वाढ. एसजीमध्ये मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइट गोलाकार होतं. ट्रीटमेंटनंतर ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं आणि गोळे बिघडतात, म्हणून लॅडलची वेळ नोंदवतात. एसजीचं कास्टिंग टांगून ठोकलं तर घंटेसारखा नाद येतो, ग्रेचा आवाज बद्द असतो. हा नाद फक्त इशारा आहे. खात्री मायक्रोस्कोपखाली किंवा अल्ट्रासॉनिक वेगाने करतात.

ब्रिनेल कडकपणासाठी १० मिमीचा गोळा ३००० किलोच्या भाराने १० ते १५ सेकंद दाबतात आणि ठशाचा व्यास सूक्ष्मदर्शकातून वाचतात. व्यास ४.० मिमी असेल तर कडकपणा २२९, ४.१ असेल तर २१७. वाचताना ०.१ ची चूक झाली की १२ अंकांचा फरक पडतो. ड्रॉइंगवर १७० ते २३० असेल तर ती एक चूक जॉब पास-नापास ठरवते. म्हणून व्यास दोन काटकोनी दिशांनी वाचून सरासरी घ्या, जागा आधी घासून सपाट करा आणि कडेच्या फार जवळ ठसा घेऊ नका. ठशाच्या केंद्रापासून कडेपर्यंत ठशाच्या व्यासाच्या अडीचपट अंतर हवं.

डाय पेनिट्रंटमध्ये काम बिघडतं ते बहुतेक पुसण्याच्या टप्प्यावर. जॉब स्वच्छ आणि कोरडा करायचा, लाल पेनिट्रंट लावून साधारण दहा मिनिटं थांबायचं, मग कोरड्या कापडाने आणि शेवटी क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने पुसायचं. क्लीनर थेट जॉबवर फवारला की क्रॅकमधला रंगही धुऊन निघतो आणि खराब जॉब स्वच्छ दिसतो. नंतर डेव्हलपरचा पातळ थर द्यायचा आणि किमान दहा मिनिटं थांबून भरपूर उजेडात बघायचं. मॅग्नेटिक पार्टिकलमध्ये क्रॅक चुंबकीय रेषांना आडवी असेल तरच नीट उमटते, म्हणून जॉब दोन दिशांनी चुंबकित करतात. ही पद्धत लोहचुंबकीय धातूलाच चालते. अ‍ॅल्युमिनियमचा जॉब घेऊन त्या मशिनपाशी जाऊ नका.

एनडीटीची लेव्हल १, २ आणि ३ अशी प्रमाणपत्रं असतात. लेव्हल १ चा माणूस सूचनेनुसार चाचणी करतो, लेव्हल २ चा निष्कर्ष काढून रिपोर्टवर सही करतो, लेव्हल ३ चा कार्यपद्धती लिहितो. एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकन एनडीटी संस्थेच्या पद्धतीत प्रमाणपत्र मालकाच्या जबाबदारीवर दिलेलं असतं आणि त्यात प्रशिक्षणाबरोबर प्रत्यक्ष अनुभवाचे तासही मोजले जातात. दोन दिवसांच्या वर्गात, हातात एकही जॉब न धरलेल्या मुलाला लेव्हल २ चा कागद विकणाऱ्यांपासून लांब राहा. पैसे जातात आणि पहिल्याच ऑडिटमध्ये मान खाली घालावी लागते.

पायरी ७ : निर्णय कसा घ्यायचा आणि कसा लिहायचा

मशिन सेट झाल्यावरचा पहिला जॉब पूर्ण ड्रॉइंगप्रमाणे तपासायचा. टूल बदलला, ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली टूलची दुरुस्ती) बदलला, शिफ्ट बदलली किंवा वीज जाऊन मशिन पुन्हा सुरू झालं, की पुन्हा फर्स्ट पीस. मग ठरलेल्या वेळी फेरी मारायची.

समजा दहा वाजता माप बरोबर होतं आणि बारा वाजता बाहेर गेलं. नवखा माणूस बाराचा जॉब बाजूला टाकतो, ऑफसेट दुरुस्त करवतो आणि पुढे जातो. ही फार मोठी चूक आहे. दहापासून बारापर्यंतचे सगळे जॉब संशयित आहेत. ते वेगळे काढून, पिवळा टॅग लावून, एकेक तपासले पाहिजेत. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातही संशयित माल हा खराब मालासारखाच हाताळायला सांगितलाय. फेरीत नियमितपणा का हवा, ते इथे कळतं. एक फेरी चुकली की छाननीचा ढीग दुप्पट होतो.

रिपोर्टमध्ये ‘ओके’ लिहू नका, आकडा लिहा. दहा जॉबच्या रकान्यात दहाही वेळा २५.०१० लिहिलेलं दिसलं की ऑडिटर तो जॉब समोर मोजायला लावतो, कारण खरी मापं अशी एकसारखी येत नाहीत. मर्यादा २५.०२१ असेल आणि माप २५.०२३ आलं तर ते २५.०२३ च लिहायचं. जॉब घ्यायचा की नाही, हा निर्णय अधिकार असलेला माणूस डेव्हिएशन नोटवर (सवलतीच्या लेखी कागदावर) सही करून घेईल. तो अधिकार तुमचा नाही, तसाच आकडा बदलण्याचा अधिकारही कोणाचाच नाही.

महिनाअखेरीला दबाव येतो. गाडी दारात उभी असते, प्रॉडक्शनचा माणूस ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणतो. वाद घालू नका. जॉब पुन्हा त्याच्यासमोर मोजा, त्यालाही मोजायला द्या, आकडा दोघांनी बघा, लिहा आणि वरिष्ठांकडे न्या. दोघांची मापं सारखी येत नसतील तर भांडण माणसांचं नाही, मापनपद्धतीचं आहे. त्यासाठी गेज आर अँड आर हा अभ्यास असतो: साधारण दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकी दोन-तीन वेळा मापन. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० च्या वर असेल तर त्या गेजवर कोणताही निर्णय घेऊ नये.

पायरी ८ : शिरायचं कसं

आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर यातला कोणताही ट्रेड उपयोगी पडतो. कळंबा रस्त्यावरची शासकीय आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतन या शहरातल्या नेहमीच्या वाटा आहेत. आयटीआयवाल्यांनी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स ही केंद्राचीच अप्रेंटिसशिप योजना आहे. अप्रेंटिस असताना क्वालिटी विभागात निदान तीन महिने मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही. अर्जात ‘मेहनती, प्रामाणिक’ वगैरे विशेषणांपेक्षा कोणती साधनं वापरता येतात, किती लिस्ट काउंटची आणि कोणत्या प्रकारच्या जॉबवर, हे लिहा.

मुलाखतीत मापन झाल्यावर सहसा गो-नो-गो, लिस्ट काउंट, एखाद्या कास्टिंगवरच्या दोषाचं नाव, आणि ‘माप मर्यादेबाहेर आलं तर काय कराल’ हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाला ‘ऑपरेटरला सांगेन’ हे अर्धं उत्तर आहे. थांबवणं, वेगळं काढणं, मागचा माल बघणं, लिहिणं आणि कळवणं असा क्रम सांगा.

लोखंडाची आवड नसेल तरी हा स्वभाव वाया जात नाही. इचलकरंजीत कापड फोर पॉइंट पद्धतीने तपासतात: ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४, आणि १०० चौरस यार्डांत सहसा ४० गुणांपर्यंत माल स्वीकारतात. दूध संघांत फॅट तपासनीस लागतात. गर्बर पद्धतीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल याच क्रमाने घालतात. पिपेटमधली थोडीशी चूक शेतकऱ्याच्या दरावर बसते, म्हणून तिथेही हाच काटेकोरपणा हवा. अन्नसुरक्षा अधिकारी आणि वैधमापन निरीक्षक ही सरकारी पदं स्पर्धा परीक्षेतून भरली जातात.

नोकरी लागली की पहिल्या दिवशी एक करा. हातात दिलेल्या व्हर्नियरवरच्या स्टिकरवर कॅलिब्रेशनची पुढची तारीख असते, ती वाचा. उलटून गेली असेल तर पहिलं माप घेण्याआधीच वरिष्ठांना दाखवा आणि दुसरा व्हर्नियर मागा.